वाढत्या अंगाची सायकल

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाहून आलेले एक पत्र दोन महिन्यांपूर्वी माझ्या हाती पडले. लिहिणारे आयुष्मान गवंडीकाम करतात. मुलीच्या वहीचे पान फाडून, ठळक अक्षरांत त्यांनी लिहिले होते :

"काका, सप्रेम जयभीम. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीला आहे. तिला सायकल शर्यतीचा नाद आहे. मागच्या वर्षी शाळेत जायच्या साध्या सायकलवर ती तालुक्यात पहिली आली. म्हणून पैसे साठवून तिला शर्यतीची सायकल घेतली. जुनी आहे, पण चांगली आहे. दुकानदार म्हणाला, थोडी मोठी पडेल, पण पोरीचं वाढतं अंग आहे, बसेल हळूहळू. चार महिने झाले. दहा किलोमीटर गेली की तिचे गुडघे दुखतात, हाताची बोटं बधिर होतात. आता ती म्हणते, बाबा, माझ्यातच दम नाही, सायकल विकून टाका. तिच्यात खरंच दम नाही का, एवढंच सांगा."

या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. एका बापाने पोटाला चिमटा घेऊन घेतलेली सायकल, आणि चार महिन्यांत मुलगी स्वतःलाच नालायक ठरवून मोकळी झाली. माझ्या वडिलांची सायकल दुरुस्तीची टपरी होती. माझे लहानपण तिथे पंक्चरचे पाणी बदलण्यात आणि पान्हे पुसण्यात गेले. त्यामुळे पत्र वाचतानाच मला शंका आली, की दोष मुलीत नसून मापात आहे. मी उलटटपाली त्यांना काही मापे विचारली. ती आल्यावर जे कळवले, ते आज सर्व वाचकांसाठी लिहीत आहे. कारण सायकल घराघरांत आहे, पण ती मापून घेणारे घर क्वचितच सापडते.

आपल्या घरांत 'वाढत्या अंगाचे' हा शब्द ऐकला नाही असा कोणी नसेल. जूनमध्ये गणवेश घ्यायचा तो दोन बोटे ढगळ. बूट घ्यायचा तो पुढे कागदाचा बोळा घालून बसणारा. एक सदरा दोन वर्षे थोरल्याने वापरायचा, मग धाकट्याला. यात लाजण्यासारखे काहीच नाही. या काटकसरीवरच आपल्या पिढ्या शिकल्या. त्याआधीच्या पिढ्यांना तर दुसऱ्याने वापरून टाकलेले मिळे आणि तिथे मापाचा प्रश्नच येत नसे. जे हाती पडेल त्यात अंग बसवून घ्यायचे, टोचले तरी बोलायचे नाही, ही सवय तिथून आली. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे कसे नेसावे हेसुद्धा सांगितले. एवढ्या मोठ्या लढ्याच्या धामधुमीत लुगड्याची गोष्ट कशाला, असे कोणाला वाटेल. पण आपल्या अंगावर काय आणि कसे असावे हे आपण ठरवायचे, हा धडा त्यात होता. सायकलही अंगावर घालायची वस्तू आहे असे समजा.

फरक इतकाच, की ढगळ सदऱ्याने गुडघा दुखत नाही. सायकलवर मिनिटाला ८० फेरे मारले तर प्रत्येक गुडघा तासाला ४,८०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. दर वेळी थोडेसे चुकीचे वाकले तरी तासाभरात त्याचा हिशेब केवढा होतो पाहा. शाळेपर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये जे कळत नाही, ते शर्यतीच्या सरावात पहिल्या आठवड्यातच कळते.

आता माप म्हणजे काय ते पाहू. सायकलला अनेक भाग असले तरी तिचा सांगाडा म्हणजे फ्रेम. सीट वरखाली होते, हँडल थोडे इकडेतिकडे होते, पण फ्रेम बदलत नाही. घर बांधून झाल्यावर रंग बदलता येतो, पाया बदलता येत नाही, तसेच हे. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या फ्रेम इंचांत मोजत. बहुतेक २२ इंची नाहीतर २४ इंची. शर्यतीच्या सायकलीचे माप सेंटिमीटरमध्ये असते : ४९, ५२, ५४, ५६ असे. हा आकडा मूळचा पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतच्या लांबीचा. हल्लीच्या पुष्कळ फ्रेमचा वरचा दांडा मागे उतरता असतो, त्यामुळे तो आकडा नावापुरताच उरतो आणि दोन कंपन्यांच्या ५२ मध्ये फरक पडतो. म्हणून दुकानात आकडा विचारावा, पण त्यावर विसंबून राहू नये. सीटपासून हँडलपर्यंतचे आडवे अंतर किती आहे, हेही विचारावे. उंची चुकली तर सीटने काही प्रमाणात सावरते. हे आडवे अंतर चुकले तर सावरणे फार कठीण.

आपले माप कसे घ्यायचे? उंची सांगून काम भागत नाही, कारण एकाच उंचीच्या दोघींपैकी एकीचे पाय लांब असतात तर दुसरीचे धड. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभे राहावे. दोन पावलांत वीतभर अंतर ठेवावे. एक पुठ्ठ्याचे जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये धरून, त्याची एक कड भिंतीला टेकवून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा येईपर्यंत वर सरकवावे. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून जमिनीपासून तिथपर्यंत मोजावे. तीनदा मोजावे आणि मधला आकडा घ्यावा. मुलीचे माप आईने किंवा बहिणीने घ्यावे. दुकानदारासमोर तिला अवघडल्यासारखे होऊ नये.

आमच्या या मुलीची उंची १५८ सेंटिमीटर आणि हे आतल्या पायाचे माप ७३ सेंटिमीटर आले. जुन्या पद्धतीच्या सरळ दांड्याच्या फ्रेमसाठी या मापाला ०.६७ ने गुणायचे. उत्तर येते सुमारे ४९. तिची सायकल होती ५४ ची, दांडाही सरळ. जमिनीपासून दांड्याची उंची वडिलांनी मोजली, ती ७८ सेंटिमीटर भरली. बूट घालून तिचा पाय फार तर ७५ चा. म्हणजे दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून ती सरळ उभीच राहू शकत नव्हती. दांडा आणि शरीर यांत निदान दोन सेंटिमीटर मोकळी जागा हवी. इथे तर दांडाच तीन सेंटिमीटर वर होता.

आता यातून दुखणे कसे उभे राहिले ते पाहा. दांडा उंच म्हणून थांबताना भीती वाटे. भीती वाटे म्हणून सीट अगदी तळाला बसवली, बसल्या बसल्या निदान चवडा तरी टेकावा म्हणून. सीट खाली गेल्यामुळे गुडघा सरळ होईना, प्रत्येक फेऱ्यात तो जास्त वाकलेलाच राहिला आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण आला. दुखणे गुडघ्याच्या समोरच्या बाजूला होते, ते यामुळे. पुढे हँडल लांब म्हणून सीट पुढे सरकवली. तरी हात पोचेनात म्हणून सीटचे टोक खाली झुकवले. मग सगळे अंग पुढे घसरून भार तळहातांवर आला, तिथली नस दबून करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले. एका चुकीच्या मापाला सांभाळून घेण्यासाठी तीन चुका कराव्या लागल्या आणि चौथी चूक म्हणजे तिने स्वतःलाच दोष दिला.

सीटची उंची किती हवी? फ्रान्सची प्रसिद्ध टूर द फ्रान्स शर्यत १९८६, १९८९ आणि १९९० मध्ये जिंकणारे अमेरिकेचे ग्रेग लेमाँड यांच्या नावाने एक हिशेब ओळखला जातो. आतल्या पायाच्या मापाला ०.८८३ ने गुणावे. जे येईल तेवढे अंतर पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावे. ७३ ला गुणल्यावर ६४.५ येतात. तिची सीट होती ६२ वर. एका इंचाचा फरक. हा आकडा सुरुवातीपुरता समजावा. बुटाचा तळ, पायडलचा प्रकार यांप्रमाणे पाच-सात मिलिमीटर कमीजास्त होणारच.

आकडेमोड नको असेल त्यांच्यासाठी टाचेची रीत आहे. कोणालातरी सायकल धरायला सांगून सीटवर बसावे. पायडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलू नये. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडासा बाक येतो. तेवढाच हवा. गुडघा समोरून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. मागून लवणीत दुखत असेल किंवा चालवताना कंबर डावीउजवीकडे डुलत असेल तर सीट फार वर आहे. हल्ली घरात मोबाइल असतो. धाकट्या भावाला बाजूने चित्रण करायला सांगावे आणि थांबवून थांबवून पाहावे. आरशाला जे दिसत नाही ते त्यात दिसते.

पुढची दोन कामे मी त्या गवंडी बंधूंना सांगितली, तेव्हा त्यांना नवी हत्यारे आणावी लागली नाहीत. सीट पाण्यासारखी सपाट हवी. त्यासाठी सीटवर फळी ठेवून तिच्यावर लेव्हल ठेवावी. दुसरे, पायडल घड्याळातल्या तीनच्या काट्यासारखे समोर आडवे आणावे आणि गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या हाडापासून ओळंबा सोडावा. तो पायडलच्या आसावर किंवा जवळपास पडला म्हणजे सीट पुढेमागे साधारण बरोबर आहे. हाही अगदी शास्त्राचा नियम नव्हे, पण सुरुवात करायला चांगला. मी त्यांना लिहिले, "भिंत एक सूत बाहेर गेली तर तुम्ही ती उतरवून पुन्हा बांधता. पोरीच्या गुडघ्याला भिंतीइतका तरी मान द्या." सीट वर घेताना नळीवर कोरलेली मर्यादेची रेघ बाहेर दिसू देऊ नये, नाहीतर चालत्या सायकलवर नळी मोडण्याचा धोका असतो.

एक सवय मात्र सर्वांनीच बदलली पाहिजे. सीटवर बसून पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असे आपल्याकडे सरसकट मानतात. सीट बरोबर उंचीवर असली तर बसून पाय टेकत नाहीत, फार तर चवड्याचे टोक लागते. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांड्यावर उभे राहायचे आणि एक पाय टेकायचा. याच कारणासाठी दांडा आपल्या पायांपेक्षा खाली हवा.

राहिले हँडल. शर्यतीच्या सायकलीचे हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले असते. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावे, खांदे कानांपर्यंत चढू नयेत, मान अवघडू नये. कोपर ताठ झाले तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट खांद्यात जातो. हँडलची रुंदी साधारण आपल्या खांद्यांच्या रुंदीइतकी असावी. लहान हातांच्या मुलींची बोटे ब्रेकपर्यंत नीट पोचत नाहीत, तेव्हा पुष्कळ ब्रेकमध्ये मूठ जवळ आणणारा एक छोटा स्क्रू असतो तो मिस्त्रीला फिरवून द्यायला सांगावा. हँडल आणि फ्रेम यांना जोडणारा जो तुकडा असतो त्याला स्टेम म्हणतात. तो आखूड-लांब मिळतो. ११ सेंटिमीटरचा काढून ८ चा बसवला तर हँडल तीन सेंटिमीटर जवळ येते.

या तुकड्यावरून एका माणसाची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्शल टेलर, सगळे त्याला 'मेजर' टेलर म्हणत. १८७८ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथे एका गरीब काळ्या कुटुंबात जन्मला. १८९४ मध्ये तिथल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने काळ्यांना सभासदत्व देण्यावरच बंदी घातली. शर्यतीत त्याला गोरे स्वार घेरत, ढकलत. अशा स्थितीत १८९९ मध्ये कॅनडातल्या माँट्रिअल येथे तो एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. त्याच्या अंगाला हँडल अधिक पुढे हवे होते. तेव्हा पुढे लांब निघालेला आणि मागेपुढे सरकवता येणारा स्टेम तो वापरू लागला. जुन्या सायकलींचे जाणकार अशा स्टेमला आजही मेजर टेलरच्या नावाने ओळखतात. ज्या माणसाला मैदानात जागा द्यायला लोक तयार नव्हते, त्याने सायकल मात्र आपल्या अंगाप्रमाणे करून घेतली.

आमच्या मुलीचे पुढे काय झाले? आधी त्यांनी सीट टप्प्याटप्प्याने एक इंच वर घेतली, सपाट केली, मागे सरकवली. एका वेळी एकच बदल, तोही तीन-चार मिलिमीटरचा, आणि वहीत तारीख घालून नोंद. दोन आठवड्यांत गुडघ्याचे दुखणे पुष्कळ उतरले. पण हँडल आणखीच लांब गेले. आखूड स्टेम बसवल्यावर बोटांना थोडा आराम मिळाला. तरीही सीट वर गेल्यामुळे थांबण्याची भीती वाढली, आणि दांड्याची उंची कमी करणारा पान्हा जगात नाही. शेवटी त्यांनी ती सायकल जिल्ह्याच्या ठिकाणी एका उंच मुलाला विकली आणि ४९ ची जुनी सायकल घेतली. या व्यवहारात त्यांची जवळजवळ आठवड्याभराची मजुरी गेली. हे नुकसान टळू शकले असते. पहिल्याच दिवशी एक पुस्तक, एक पेन्सिल आणि एक टेप एवढेच लागले असते.

गेल्या आठवड्यात पुन्हा पत्र आले. या वेळी अक्षर मुलीचे होते. जिल्ह्याच्या शर्यतीत ती अकरावी आली. तिने लिहिले आहे, "काका, पहिला नंबर नाही आला. पण पूर्ण अंतर गेले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा धरावा लागला नाही. आता दम कमी पडला तर तो वाढवता येईल, हे कळलं."

शर्यतीत न उतरणाऱ्या घरांनीही यातून थोडे घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलांना मोठी फ्रेम घेऊन देऊ नये, आज बसणारी घ्यावी आणि दर तीन महिन्यांनी सीट तपासून वर घ्यावी. उंच दांड्याच्या सायकलवर मूल दांड्याखालून पाय घालून चालवते, तेव्हा आपल्याला कौतुक वाटते, पण ब्रेकवर त्याचा ताबा नसतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची उंची बहुतेक वाढून झालेली असते. तिच्यासाठी 'वाढते अंग' धरून मोठे माप घेणे व्यर्थ. योजनेत शाळेतून मिळालेली सायकल असेल तर ती जशी मिळाली तशीच चालवू नये, आधी सीट आणि हँडल मुलीच्या मापाला करून घ्यावे. जुनी सायकल घेताना अर्धा तास चालवून पाहायला मागावी. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. दुकानदार म्हणतो म्हणून, महाग आहे म्हणून किंवा अमक्याच्या मुलाकडे तशीच आहे म्हणून खरे मानू नये. स्वतः बसून, मापून, अनुभवून पटले तरच घ्यावे. तथागतांनी कालामांना हेच तर सांगितले होते. आणि माप बरोबर करूनही गुडघा सुजत असेल किंवा रात्री दुखत असेल, तर पान्हा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

सोण कोळिविस या भिक्खूची कथा आपल्या विहारांत सांगितली जाते. राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले. एवढे करूनही काही साधत नाही, तेव्हा आपल्यातच कमी आहे, घरी परत जावे, असे त्याच्या मनात आले. तथागत त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी वीणा उत्तम वाजवी. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर? सोणला उत्तर ठाऊक होते. त्याला कोणी आळशी म्हटले नाही, की आणखी रक्त सांड असेही सांगितले नाही. तार बरोबर लाव, एवढेच सांगितले.

त्या गवंडी बंधूंनी मला एकच प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मी पहिल्याच पत्रात वरच्या ओळीत लिहिले होते : दादा, पोरीत दम आहे, आधी तिचे माप घ्या.

जयभीम.